लिनक्स टाकल्यापासून नेट सारखं जातंय? आधी ते कुठे अडलंय ते बघा

नाशिकच्या सिडकोतून मेहुण्याचा फोन. नमस्कार-चमत्कार काही नाही, थेट तोफ. "दाजी, तुमच्या लिनक्सने नेट खाल्लं. संध्याकाळचे सात वाजले की जातंच. मी परत विंडोज टाकून घेतो."

त्याचा लॅपटॉप सहाव्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरचा. विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. विंडोज ११ ला इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते. म्हणजे धडधाकट मशीन नुसतं वयामुळे बाद. म्हणून मी त्यावर लिनक्स मिंट टाकून दिलं होतं. हिशेबाचं सॉफ्टवेअर विंडोजवर आहे म्हणून ते अर्ध्या डिस्कवर तसंच ठेवलं. पहिले आठ दिवस साहेब खूश. मग हा फोन.

त्यानंतर शेजारच्या काकांचा, ऑफिसातल्या एका मुलीचा आणि पंचवटीतल्या मावशीचा, असे तीन फोन याच तक्रारीचे आले. चौघांचं वाक्य अगदी एकच होतं, "लिनक्स टाकलं आणि नेट गेलं". आणि चौघांची कारणं चार निघाली. सगळ्यांना तेच ते फोनवर सांगून घसा बसला, म्हणून इथे लिहून ठेवतोय.

एक गोष्ट आधीच सांगतो. ज्याच्या लॅपटॉपवर नेट नाही तो हे मोबाइलवर वाचणार, कॉपी-पेस्ट करायचा प्रश्नच नाही. म्हणून कमांड मी फोनवर सांगतो तशाच उच्चाराने लिहिल्यात. टाइप करताना इंग्रजी छोटी अक्षरं आणि इंग्रजी आकडे. मोठं अक्षर लागलं तर तसं सांगेन. टर्मिनल उघडायचं कंट्रोल, आल्ट आणि टी एकदम दाबून.

नळ, टाकी, धरण

नळाला पाणी आलं नाही म्हणून कुणी उठून गंगापूर धरण बघायला जात नाही. आधी आपला कॉक बघतो, मग गच्चीवरची टाकी, मग शेजारी विचारतो "तुमच्याकडे आलंय का". नेटचं मात्र आपण उलटं करतो. पान उघडलं नाही की थेट "लिनक्सच खराब". माझ्या मेहुण्याने तर आठवड्यात दोनदा मिंट पुन्हा टाकून पाहिलं. प्रत्येक वेळी दुखणं तेच, कारण दुखणं तिथं नव्हतंच.

म्हणून पहिला प्रश्न साधा. त्याच वायफायवर मोबाइल चालतोय का? मोबाइलचा डेटा बंद करून बघा, नाहीतर फोन गुपचूप सिमवर चालत राहतो आणि आपली दिशाभूल होते. मोबाइलही चालत नसेल तर फायबरच्या डबीवर एलओएस नावाचा दिवा बघा. तो लाल लुकलुकत असेल तर प्रकाशच घरापर्यंत पोचत नाहीये, लॅपटॉप मिटून ठेवा आणि ऑपरेटरला फोन लावा. सध्या २०२७ च्या सिंहस्थासाठी शहरात जिथे तिथे खोदकाम आहे, ही शक्यता अजिबात लहान समजू नका.

मोबाइल चालतोय आणि लॅपटॉप नाही, तर मग टर्मिनल.

पहिली कमांड: आय-पी, स्पेस, ए. पडद्यावर दोन-तीन गठ्ठे दिसतील. एल-ओ नावाचा पहिला गठ्ठा म्हणजे मशीन स्वतःशीच बोलतं ती जागा, तो सोडा. डब्ल्यू-एल ने सुरू होणारं नाव वायफायचं, ई-एन ने सुरू होणारं वायरचं. मेहुण्याकडे डब्ल्यू-एल-पी-२-एस-० होतं, तुमच्याकडे आकडे वेगळे असतील. डब्ल्यू-एल ची ओळच नसेल तर कार्ड लिनक्सला दिसत नाहीये, खाली ड्रायव्हरचा (कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा) भाग आहे तिथे उडी मारा. ओळ आहे आणि तिच्याखाली 'इनेट १९२.१६८...' असा पत्ता आहे, तर राउटरने पत्ता दिलाय. ओळ आहे पण इनेटचा पत्ता नाही, तर वायफाय जोडलंच गेलेलं नाही किंवा राउटरने पत्ता दिला नाही. विंडोजवर अशा वेळी १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसायचा. मिंटमधला नेटवर्कमॅनेजर सहसा तसलं काही न देता हात वर करतो. विंडोजची सवय असलेले तो आकडा शोधत बसतात.

दुसरी: आय-पी, स्पेस, आर. पहिल्या ओळीत 'डिफॉल्ट व्हाया' आणि त्यापुढे एक पत्ता दिसेल, बहुतेक १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. तो तुमचा राउटर.

आता पिंग, म्हणजे समोरच्याला हाक मारून ओ येते का ते बघणं. आधी पिंग, स्पेस, राउटरचा पत्ता. मग पिंग १.१.१.१, हा बाहेरच्या जगातला पत्ता, क्लाउडफ्लेअरचा. मग पिंग विकिपीडिया डॉट ओआरजी, म्हणजे आकडा नाही, नाव.

राउटरलाच उत्तर मिळत नसेल तर भानगड तुमच्या लॅपटॉप आणि राउटरच्या मधे आहे. राउटर बोलतो पण १.१.१.१ बोलत नाही, तर ऑपरेटरकडे किंवा लॉगिनमध्ये. १.१.१.१ बोलतो पण नाव सापडत नाही, तर डीएनएस, म्हणजे नावावरून आकडा शोधून देणारी सोय. तिन्ही बोलतात आणि तरी ब्राउझर रुसलाय, तर घड्याळ, आयपीव्ही६ (पत्त्यांची नवी पद्धत) किंवा माहिती ज्यातून जाते त्या पाकिटाचा आकार. पुढचं सगळं ह्या चारांपैकीच कुठेतरी बसतं.

मेहुण्याला मी राउटरला पिंग करायला सांगितलं. दोन मिनिटांनी घाबरा आवाज. "दाजी, हे थांबतच नाही!" विंडोजवर पिंग चार वेळा विचारून गप्प बसतं. लिनक्सवर कंट्रोल आणि सी दाबेपर्यंत चालू राहतं. आणि इथे तेच आपल्या पथ्यावर पडलं. म्हटलं, "थांबवू नकोस. खिडकी कोपऱ्यात ठेव आणि सातपर्यंत काम कर."

झोपाळू कार्ड

साडेसातला त्याने फोटो पाठवला. प्रत्येक ओळीच्या शेवटी 'टाइम' असतो, राउटरला जाऊन यायला लागलेले मिलिसेकंद. एका खोलीतल्या राउटरला दोन-चार हवेत. त्याच्याकडे ३, ४, ३, मग ११०, २०५, ९८, मग पुन्हा ५, आणि मधेच क्रमांक गाळलेले. प्रत्येक ओळीत 'आयसीएमपी सेक' म्हणून एक अनुक्रमांक असतो. ४१२ नंतर थेट ४३० आला होता. म्हणजे सतरा हाकांना ओ नाही.

हे चित्र दिसलं की माझा पहिला संशय वायफायच्या वीजबचतीवर. बॅटरी वाचावी म्हणून कार्ड मधे मधे डुलकी काढतं. राउटर साधारण दर १०२.४ मिलिसेकंदांनी एक इशारा पाठवत असतो, कार्ड त्या वेळी एक डोळा उघडून बघतं की आपल्यासाठी काही आलंय का. म्हणून तर पिंगमध्ये शंभर, दोनशे असे आकडे दिसतात. शांत वेळी हे खपून जातं. पण सिडकोतली ती रांगेतली घरं, भिंतीला भिंत. संध्याकाळी सगळे घरी, सगळ्यांचे टीव्ही वायफायवर. २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनल इनमिन तीन, १, ६ आणि ११. त्या गोंगाटात डुलकी काढणाऱ्या कार्डाचा इशारा हुकतो, मग पुढचाही हुकतो, आणि शेवटी जोडणीच तुटते. सातचा मुहूर्त लिनक्सने काढलेला नव्हता. शेजाऱ्यांच्या मालिकांनी काढला होता.

आधी तात्पुरतं करून बघायचं. सुडो, स्पेस, आय-डब्ल्यू, स्पेस, डेव्ह (डी-ई-व्ही), स्पेस, तुमच्या कार्डाचं नाव, स्पेस, सेट, स्पेस, पॉवर-अंडरस्कोअर-सेव्ह, स्पेस, ऑफ (ओ-एफ-एफ). पासवर्ड मागेल. टाइप करताना पडद्यावर काहीच दिसलं नाही तरी कीबोर्ड बिघडलेला नाही, बिनधास्त टाइप करून एंटर मारा. 'कमांड नॉट फाउंड' आलं तर आय-डब्ल्यू तुमच्याकडे नाही, सरळ पुढचा कायमचा उपाय करा.

मेहुण्याने ही कमांड दिली आणि पिंग तिथल्या तिथे ३, ३, ४ वर सरळ आलं. "दाजी, हे काय जादू!" पण सकाळी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न, कारण रीस्टार्टनंतर ही सूचना विसरली जाते. 'एकदा केलं होतं, चाललं होतं, आता परत तेच' ही तक्रार बहुतेक वेळा इथूनच येते.

कायमचं करायला फाइल मॅनेजर उघडा, मोकळ्या जागेवर राइट क्लिक करून 'ओपन ॲज रूट' घ्या. लाल पट्टी दिसेल, म्हणजे आता जपून. डावीकडे फाइल सिस्टिम, त्यात ई-टी-सी, त्यात नेटवर्कमॅनेजर (यात एन आणि एम मोठे), त्यात कॉन्फ-डॉट-डी. तिथे 'डिफॉल्ट-वायफाय-पॉवरसेव्ह-ऑन' नावाची फाइल आहे. उघडली की दोनच ओळी. दुसरीत वायफाय-डॉट-पॉवरसेव्ह बरोबर ३ असं असेल. ३ म्हणजे बचत चालू, २ म्हणजे बंद. तीनाचे दोन करा, सेव्ह, रीस्टार्ट. झालं. बॅटरी थोडी कमी पुरते, पण हा लॅपटॉप तसाही चार्जरला बांधलेलाच असतो.

याच जोडीला एक काम करून टाका. राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ दोन्ही एकाच नावाने देत असेल तर लॅपटॉप कधी इकडे, कधी तिकडे उड्या मारतो आणि प्रत्येक उडीला दोन क्षण नेट जातं. एन-एम-सी-एल-आय, स्पेस, डिव्हाइस, स्पेस, वायफाय एवढं टाइप केलं की आजूबाजूच्या सगळ्या वायफायची यादी चॅनलसकट येते. तुमचं नाव दोनदा दिसलं आणि एका ओळीत चॅनल ३६ किंवा त्यापुढचा असला, तर ते ५ गिगाहर्ट्झ. मेनूत 'ॲडव्हान्स्ड नेटवर्क कॉन्फिगरेशन' शोधा, तुमच्या वायफायवर डबल क्लिक, वायफायच्या टॅबमध्ये बँड 'ऑटोमॅटिक' आहे तिथे ५ गिगाहर्ट्झ निवडा. राउटर त्याच खोलीत असेल तरच हं. पंचवटीतल्या मावशीच्या वाड्याच्या भिंती हातभर जाड. तिथे ५ गिगाहर्ट्झ माजघराच्या पुढे जात नाही, तिला उलट २.४ वरच बांधून ठेवलं.

विंडोज बंद केलं, पण झोपलं नाही

दहा दिवस शांतता. मग पुन्हा फोन, पण आता तक्रार वेगळी. वायफायचं चिन्हच गायब. रीस्टार्ट केलं तर कधी येतं, कधी नाही.

मी विचारलं, "काल रात्री काय करत होतास?" म्हणे, विंडोजवर महिन्याचा हिशेब. दोन-तीन दिवसांचं आठवायला लावलं आणि नमुना स्वच्छ दिसला. ज्या रात्री विंडोज वापरून शटडाउन केलं, त्याच्या दुसऱ्या सकाळी लिनक्समध्ये कार्ड नाही.

विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आहे. शटडाउन म्हटलं तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही, आपला गाभा डिस्कवर गोठवून ठेवतं, म्हणजे सकाळी लवकर उठता येतं. काही कार्डं त्या अवस्थेत अशी अडकतात की नंतर उठलेल्या लिनक्सला त्यांना हलवून जागं करता येत नाही. गंमत अशी, की विंडोजमधून 'रीस्टार्ट' दिलं तर ते खरंच पूर्ण बंद होऊन उठतं, म्हणून तेव्हा सगळं ठीक. याचा जुळा पुरावा असा, की अशा दिवशी विंडोजचा डी ड्राइव्ह लिनक्समध्ये नुसता वाचता येतो, त्यात काही लिहिता येत नाही. दोन्ही लक्षणं एकत्र दिसली तर पुढे शोधायची गरजच नाही.

उपाय विंडोजच्या बाजूने. कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, डावीकडे पॉवर बटनांनी काय करावं ते ठरवण्याची लिंक, तिथे वर 'चेंज सेटिंग्ज' वर एकदा क्लिक, आणि फास्ट स्टार्टअपची खूण काढून टाका. लिनक्सला हातही लावायचा नाही.

झाकण मिटून उघडल्यावर नेट जाणं हा याचा चुलतभाऊ. तिथे आधी सुडो सिस्टिम-सी-टी-एल रीस्टार्ट नेटवर्कमॅनेजर (पुन्हा एन आणि एम मोठे) देऊन बघा. त्याने आलं तर बरं. नाही आलं तर ड्रायव्हर काढून परत बसवावा लागतो. एल-एस-पी-सी-आय, स्पेस, डॅश-एन-एन-के दिलं की नेटवर्क कार्डाच्या खाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' अशी ओळ येते, ते नाव लिहून घ्या. मग सुडो मॉडप्रोब, डॅश-आर, ते नाव. आणि लगेच डॅश-आर गाळून तीच कमांड पुन्हा.

कार्ड दिसतच नाही

सगळ्यात आधी आर-एफ-किल, स्पेस, लिस्ट. 'हार्ड ब्लॉक्ड' पुढे 'यस' असेल तर लॅपटॉपच्या कडेचं बटन किंवा एफ-एन की दाबली गेलीय. ऑफिसातल्या मुलीचा एवढाच घोळ होता. तिचा चार वर्षांचा मुलगा कीबोर्डवर पियानो वाजवतो. 'सॉफ्ट ब्लॉक्ड' असेल तर आर-एफ-किल अनब्लॉक ऑल.

ते ठीक असेल तर ड्रायव्हर. बहुतेक इंटेल कार्डांचा ड्रायव्हर कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच असतो. जुन्या ब्रॉडकॉम कार्डांना वेगळा बसवावा लागतो. मिंटमध्ये 'ड्रायव्हर मॅनेजर' आहे, तो शोधून देतो. आता तुम्ही म्हणाल, ड्रायव्हर उतरवायला नेट लागतं आणि नेटसाठी ड्रायव्हर! मिंट टाकताना वापरलेला पेनड्राइव्ह पुसून टाकला नसेल तर तो लावा, ब्रॉडकॉमचा ड्रायव्हर त्यातच असतो.

नाहीतर मोबाइल आहेच. फोन केबलने लॅपटॉपला जोडा, हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये 'यूएसबी टेथरिंग' चालू करा. लिनक्सला तो वायरचं नेट वाटतो, काही बसवावं लागत नाही. फोन घरच्या वायफायवर असेल तर तेच वायफाय केबलमधून पुढे जातं, सिमचा डेटासुद्धा जळत नाही. बटन दाबता येत नसेल तर केबल बदला, काही स्वस्त केबलींमधून नुसती वीज जाते, माहिती जात नाही. मी स्वतः यात एक अख्खी दुपार घालवलीय.

ड्रायव्हर बसवताना सिक्युअर बूट (सुरू होताना अनोळखी सॉफ्टवेअर अडवणारा पहारा) चालू असेल तर एक पासवर्ड ठरवायला सांगतात आणि रीस्टार्टनंतर एक निळा पडदा येतो, 'एम-ओ-के मॅनेजमेंट' अशा मथळ्याचा. परका पडदा बघून दहातले नऊ जण 'कंटिन्यू बूट' दाबून मोकळे होतात. मग ड्रायव्हर बसलेला दिसतो पण चालत नाही, आणि माणूस म्हणतो मी तर सगळं केलं. त्या पडद्यावर 'एन्रोल' निवडून मघाचा पासवर्ड द्यायचा असतो. हुकलं असेल तर ड्रायव्हर काढून पुन्हा बसवा, पडदा परत येईल.

सगळं चालू असताना अपडेटनंतर वायफाय मेलं, तर नवीन कर्नलसाठी तो वेगळा ड्रायव्हर तयार झालेला नसतो. सुरू होताना येणाऱ्या मेनूत 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स' मध्ये जाऊन आधीचा कर्नल निवडा. तोवर काम चालतं.

आणि एम. जी. रोडवरून यूएसबीचं डोंगल आणणार असाल तर खोक्यावरचं नाव विचारू नका, आतली चिप कोणती ते विचारा. दुकानदार "सोबत सीडी आहे ना" म्हणेल. ती विंडोजची असते. काही डोंगलं तर पहिल्यांदा लावल्यावर वायफाय म्हणून न दिसता सीडी ड्राइव्ह म्हणूनच दिसतात. ती सीडी इजेक्ट केली की खरं रूप दाखवतात.

वायर थेट लॅपटॉपला लावता?

ही माझी स्वतःची कथा. आम्ही गंगापूर रोडला भाड्याने राहायचो तेव्हा राउटर नव्हता, ऑपरेटरची वायर थेट लॅपटॉपमध्ये. लिनक्स टाकलं, वायर लावली, पोर्टचे दिवे लागले, पण पत्ता मिळेना. ऑपरेटरचा पोरगा म्हणाला, "लिनक्सवर आपलं चालत नाही सर." मी दोन संध्याकाळी कर्नल, ड्रायव्हर, नको नको ते उपसलं.

तिसऱ्या दिवशी ट्यूब पेटली. विंडोजवर मी रोज सकाळी 'ब्रॉडबँड कनेक्शन' वर क्लिक करून कनेक्ट म्हणत होतो! सवय इतकी, की ती एक पायरी आहे हेच विसरलेलो. ते डायलर म्हणजे पीपीपीओई. लिनक्समध्ये ते आपोआप येत नाही, तयार करावं लागतं. ॲडव्हान्स्ड नेटवर्क कॉन्फिगरेशन, खालचं अधिकचं चिन्ह, यादीत 'डीएसएल किंवा पीपीपीओई', वायरचं पोर्ट निवडायचं, युजरनेम आणि पासवर्ड. सर्व्हिसचं नाव रिकामं ठेवा. पासवर्ड आठवत नसेल तर ऑपरेटरकडून नवीन करून घ्या, विंडोजमध्ये तो ठिपक्यांमागे असतो.

"मॅक बाइंडिंगमुळे लिनक्स चालत नाही" असंही ऐकवतात. मॅक पत्ता म्हणजे कार्डाचा स्वतःचा ओळख क्रमांक, ऑपरेटर त्यालाच कनेक्शन बांधतो; तो कार्डाचा असतो, लिनक्स टाकल्याने बदलत नाही. पोर्ट खराब म्हणून यूएसबीचं लॅन अडॅप्टर लावलं असेल, तर मात्र पत्ता नवा झाला. तेव्हा ऑपरेटरला सांगून तो नोंदवून घ्यावा लागतो.

पीपीपीओई मुळे आणखी एक विचित्र प्रकार होतो. काही साइट भर्रकन उघडतात, काही नुसत्या फिरत बसतात. साध्या लॅनवर पाकीट १५०० बाइटचं, पीपीपीओई त्यातले ८ स्वतःला घेतं, उरतात १४९२. मधल्या कुणीतरी 'पाकीट मोठं झालं' हा निरोप गिळला तर मोठी पाकिटं वाटेतच हरवतात. तपासायला पिंग, डॅश-मोठा एम, डी-ओ, डॅश-एस, १४६४, आणि पुढे १.१.१.१. हे जातं पण १४७२ जात नाही, तर कनेक्शनच्या सेटिंगमध्ये एमटीयू (पाकिटाचा कमाल आकार) १४९२ लिहा. वरचे २८ बाइट पत्त्याच्या मजकुराचे असतात, म्हणून हे आकडे असे तिरपागडे.

राहिलेलं, पटकन

नावं सापडत नाहीत, आकडे चालतात: वायफायच्या सेटिंगमध्ये आयपीव्ही४ च्या टॅबवर डीएनएस आपोआप घेणं बंद करून १.१.१.१ आणि ८.८.८.८ लिहा. जुन्या लेखांत रिझॉल्व्ह-डॉट-कॉन्फ फाइल बदला म्हणून सांगतात. त्या फाइलमध्ये १२७.०.०.५३ दिसतं, ते बरोबरच आहे. तुम्ही बदलाल, पुढच्या रीस्टार्टला ती पुन्हा लिहिली जाईल आणि रोज सकाळी तेच रडगाणं. फक्त कॉलेज, हॉटेल असल्या ठिकाणी लॉगिनचं पान उघडेना झालं तर हे डीएनएस तेवढ्यापुरतं परत आपोआपवर टाका.

अपडेट शून्य टक्क्यावर अडकतं, ब्राउझर मात्र चालतो: पिंग डॅश-६ ने विकिपीडिया बघा आणि डॅश-४ ने बघा. सहावाला मेलेला असेल तर राउटर आयपीव्ही६ चा पत्ता देतोय पण पुढे रस्ता नाही. त्या कनेक्शनचं आयपीव्ही६ बंद करा.

सगळ्या साइट 'कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणतात: कोपऱ्यातलं घड्याळ बघा. शेजारच्या काकांच्या पीसीवर २०१५ साल चालू होतं. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपलेला. घड्याळ मागे असलं की ब्राउझरला आजची प्रमाणपत्रं भविष्यातली वाटतात. सेल बदलला, प्रश्न मिटला. घड्याळ बरोबर साडेपाच तासांनीच चुकतंय, तर सेल नव्हे. विंडोज मशीनच्या घड्याळात भारतीय वेळ ठेवतं, लिनक्स जागतिक. टाइम-डेट-सी-टी-एल, सेट-लोकल-आर-टी-सी, स्पेस, १. हे सेट, लोकल, आर-टी-सी डॅशने जोडलेले. नेट मात्र यामुळे सहसा जात नाही, नुसती चिडचिड होते.

इतकं करूनही अडलंच तर कुणालाही विचारताना 'नेट चालत नाही' एवढंच लिहू नका. एल-एस-पी-सी-आय च्या ओळीत चौकटी कंसातला कार्डाचा क्रमांक, यू-नेम डॅश-आर ने येणारा कर्नल, आणि पिंग कुठल्या पायरीवर थांबलं, हे तीन लिहा. फोटो टाकलात तर मॅक पत्ता झाका. आणि एका वेळी एकच बदल. पाच गोष्टी एकदम केल्या आणि नेट आलं, तर पुढच्या वेळी तुम्ही पाचही परत करणार.

परवा रात्री मेहुण्याचा पुन्हा फोन. मी मनात म्हटलं, आलं का नवीन लचांड. तर म्हणाला, "दाजी, राउटरला पिंग तीनच्या आत येतंय, १.१.१.१ मेलंय, डबीवर दिवा लाल आहे. गल्लीच्या तोंडाशी दुपारीच खड्डा खणून ठेवलाय. ऑपरेटरला सांगितलंय. तुमच्याकडे जेवायला येऊ का? मॅच बघायची होती."